पंच्याने सुधारलेलं ग्राफिक्स

बांगड्याचा भाव सांगायच्या आधीच मासेवालीने विचारलं, "तुजो कॉम्प्युटर काकांनी पंच्यान पुसून बरो केल्यानी म्हणे?" शेजारच्या चार टोपल्या फिदीफिदी हसल्या.

बरो केल्यानी! तीन रात्री जागलो मी, आणि श्रेय पंच्याला.

तर झालं ते एवढंच. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा कॉम्प्युटरवरचा खेळ २००४ साली आला. त्याची क्लासिक आवृत्ती मी अजून खेळतो. वय विचारू नका. पावसाळ्यात आमच्या मालवणकडे संध्याकाळी सहानंतर माणसाने करायचं तरी काय? कपाटातल्या चपलांवरची बुरशी मोजून झाली की हेच उरतं. आता जुना खेळ म्हटला की डोंगर म्हणजे घडी घातलेलं गोणपाट आणि झाडं करवतीने कापल्यासारखी. म्हटलं, सेटिंग्ज सुधारूया.

पहिली रात्र लॅपटॉपची समजूत घालण्यात गेली. आत चांगलं ग्राफिक्स कार्ड असताना हा बाबा प्रोसेसरमधल्या बारक्या चिपवर खेळ चालवत होता. म्हणजे घरात पाट्यावरचं वाटण तयार आणि हा मसाल्याची पुडी फोडतोय. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन 'हाय परफॉर्मन्स' निवडलं, तेव्हा कुठे तो शुद्धीवर आला.

दुसरी रात्र अँटी-अलायझिंगची, म्हणजे चित्रातल्या दातेरी कडा गुळगुळीत करण्याची. कौलांच्या कडा सरळ झाल्या, पानं मात्र तशीच दातेरी. कारण ती पानं नसतातच. सपाट तुकड्यावर चिकटवलेलं पानांचं चित्र असतं ते, आणि गुळगुळीतपणा लागतो तो तुकड्याच्या कडेला. मग अ‍ॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग १६ वर नेलं. त्याने लांबवर जाणारी वाट शेवटपर्यंत स्वच्छ दिसते, आणि कार्डाला फारसा भारही पडत नाही. हे मी आईला दाखवलं. ती म्हणाली, "लायटीचा बिल कोण भरतलो?"

तिसऱ्या रात्री हाव सुटली. रेंडर स्केल (पडद्याच्या मानाने खेळ किती बारीक ठिपक्यांत चित्र काढतो ते माप) १०० टक्क्यांवरून २०० वर नेला. २०० म्हणजे दुप्पट नव्हे हो, उंची दुप्पट आणि रुंदीही दुप्पट, म्हणजे काम चौपट. १९२० गुणिले १०८०चा पडदा, त्याला चार. सुमारे एकवीस लाखांवरून एकदम त्र्याऐंशी लाखांवर ठिपके. पंखा मिक्सरसारखा ओरडायला लागला. शेवटी सेटिंगच्या फाइलमध्येच हात घातला. ती ज्या फोल्डरमध्ये असते त्याचं नाव डब्ल्यूटीएफ. वॉरक्राफ्ट टेक्स्ट फाइल असा अर्थ सांगतात, पण वैतागून हासडायच्या एका इंग्रजी शिवीचीही हीच अक्षरं. मला तो माझ्या मनःस्थितीचा पंचनामा वाटला.

आणि नेमके तेव्हा शेजारचे काका आले.

काका म्हणजे निवृत्त दशावतारी. तरुणपणी राजे केले, मग ऋषी, गुडघे गेल्यावर नुसता सल्ला. आले, माझ्या मागे खुर्ची ओढली आणि माझ्या योद्ध्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"ह्येका रंग कोणी लावलो?"

"काका, तो तसोच येता."

"तोंडार उजेड पडणा नाय. आणि ह्यो मेलो बोलणा कसो नाय? राजा असान मुको?"

मी सावल्यांचं सेटिंग दाखवलं. कमी, मध्यम, जास्त. काकांना ते बघून खरोखर कीव आली.

"सावलेक एवढां मशीन? बत्ती खाली ठेवलंस की सावली मोठी, वर टांगलंस की बारकी. झाली शेटिंग."

"काका, ह्यां जंगल बघा. आता लांबचां पण दिसता."

"आमच्याकडे एक बाकडां. राजा बसलो की शिंव्हासन, आडवो झालो की पलंग, मागे लपलो की जंगल. कोण इचारूक नाय झाडाक पानां किती म्हणून."

एवढ्यावर थांबते तर ते काका कसले? पडद्याजवळ नाक नेलं, बोट फिरवलं, बोट चाटलं. हो, चाटलं!

"खारट लागता. अरे, काचेर खार बसलोहा."

खांद्यावरचा पंचा काढला, कोपरा थुंकीने ओला केला (मी ओरडेपर्यंत झालंच होतं) आणि निरांजन घासावं तसा पडदा घासला. मग मागे सरकून म्हणाले, "आता बघ."

सांगायला लाज वाटते, पण आभाळ निळं झालं. समुद्रावरून येणारं खारं धुकं महिनोन्‌महिने त्या काचेवर बसत होतं, आणि मी त्याच्या आडून त्र्याऐंशी लाख ठिपके बघत होतो.

"मगे तीन राती तू केलंस काय?" काकांनी विचारलं. ह्याला उत्तर नव्हतं.

बरं, मला चिडवा, हरकत नाही. पण हीच वाडी दर आठवड्याला माझ्या पडवीत येते. सातबारा काढून दे, आधारची प्रिंट काढून दे, मुंबईच्या झिलाचं तिकीट काढ. तेव्हा मी 'कॉम्प्युटरातला माणूस'. कोणी चहाचं विचारत नाही. आलं तर उलट, "तू नायतरी घरातच आसतंस." दीड तास सर्व्हरपुढे हात जोडून बसतो ते काम नाही, आणि पंचा फिरवला ती दुरुस्ती! कुठे अडलं की आता लोक म्हणतात, काकांना बोलव.

काल मी सूड घ्यायचा ठरवलं. काका येण्याआधी ग्राफिक्सची १ ते १० ची पट्टी गुपचूप १ वर ओढली. सावल्या गेल्या, लांबचे डोंगर धुक्यात बुडाले, गवत भादरल्यासारखं नाहीसं झालं. म्हटलं, ह्यांना कुठला फरक कळतोय! कळला नाही की मग बाजारात जाऊन सांगतो सगळ्यांना.

काका बसले. चष्मा वर केला, खाली केला.

"आज पुसूक नाय वाटता?" म्हणाले, आणि खांद्यावर हात नेला.