शिक्का

आज बेळगावात टिळकवाडीत साखरपुड्याला गेले होते. पंगतीत शेजारी कोल्हापूरच्या एक पाहुण्या बसल्या होत्या. प्राडा या इटलीच्या महागड्या ब्रँडचा विषय निघाला, बाई तावातावानं बोलायला लागल्या, "चोरली की हो आमची चप्पल त्या इटलीवाल्यांनी!" मी म्हटलं, खरंय, आमच्या इकडं, बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीतही लोक भडकले होते. तर बाईंनी घास हातात तसाच धरून माझ्याकडं बघितलं. "अथणी? अथणीत कुठली आलीय कोल्हापुरी?"

तेव्हापासून डोकं फिरलंय. अजून साडीसुद्धा बदललेली नाही, तशीच बसून हे लिहितेय.

कोल्हापूरच्या वहिनी, मांडवाबाहेर काढलेली तुमची चप्पल मी निघताना बघितली. तसली वेणी आमच्या गल्लीतल्या बायका घालतात. पैज लावायला तयार आहे.

सहावीत असताना मी एकदाच आप्पांबरोबर कोल्हापूरला गेले होते. पहाटेची गाडी, पायाशी पोतं, पोत्यात चाळीस जोड. व्यापाऱ्यानं एकेक तळ दुमडून बघितला, दोन जोड "डाग हाय" म्हणून बाजूला टाकले आणि उरलेल्यांचा भाव पाडला. मग दुकानातल्या पोऱ्यानं आमच्यासमोरच तळावर शिक्का मारायला घेतला. ठक. कोल्हापूर. ठक. कोल्हापूर. म्हशीचं कातडं बाभळीच्या सालीत न् हिरड्यात कमावलेलं, रापी आप्पांची, वादीचं एक टोक दातात धरून वेणी घातलेली आईनं. आप्पा खाली मान घालून नोटा मोजत होते.

आता प्राडाचं ऐका. १९१३ साली मारिओ प्राडानं मिलानच्या त्या काचेच्या छताच्या बाजारात, गॅलेरियात, कातडी सामानाचं दुकान टाकलं. ट्रंका, बॅगा. १९१९ ला इटलीच्या राजघराण्याला माल पुरवायचा मान मिळाला, त्याची खूण ते आजही मिरवतात. बायकांनी धंद्यात पडू नये असं या गृहस्थाचं मत. आणि मुलाला दुकानात रस नव्हता, म्हणून चालवलं शेवटी मुलीनं! १९७८ ला कारभार नातीकडं, म्युच्या प्राडाकडं आला. ही बाई राज्यशास्त्रात डॉक्टरेट केलेली, एके काळी चक्क कम्युनिस्ट पक्षात होती. तिनं १९८४ च्या सुमाराला काळ्या नायलॉनची पाठीवरची बॅग काढली आणि जगभर गाजली ती. दुकान कातड्याचं, नाव झालं नायलॉनवर. काय बोलायचं? दम मात्र आहे बाईत, हे मान्य करावं लागतं.

तर जून २०२५ मध्ये त्यांनी मिलानला आपली चप्पल पोरांच्या पायात घालून चालवली आणि म्हटलं काय, 'लेदर सँडल'. ना गाव, ना कारागीर. आरडाओरडा झाल्यावर कबूल केलं की ही भारतातल्या कारागिरांची कला. मग डिसेंबरात महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकर या सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला, २००० जोड, जोडाला सुमारे ८०० युरो. आपले ऐंशी हजारांच्या वर!

राग मलाही आला होता. पण त्या वहिनींना जो आला, तो राग मी सहावीत गिळलाय. मिलाननं कोल्हापूरचं नाव घेतलं नाही म्हणून एवढी आग, आणि कोल्हापूरनं अथणीचं, निपाणीचं कधी घेतलं? २०१९ ला कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते आठ जिल्ह्यांना. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. कागदावर आम्ही आहोत. पंगतीत नाही. आणि नावाचं दुखणं काय असतं ते तुम्हा सीमाभागातल्या लोकांना मी काय सांगू?

बरं, कोल्हापूरनं बाजार दिला, शाहू महाराजांनी या धंद्याला आधार दिला, हेही खरं. ती पेठ नसती तर आमची चाळीस जोडांची पोती कुठं रिकामी झाली असती? आणि त्या व्यापाऱ्यानंही हिशेब झाल्यावर आम्हाला चहा पाजला होता, मला बशीत ओतून दिला होता. ते विसरत नाही.

चहा पिऊन आप्पांनी मला रस्त्यावरच्या गाड्यावरून शाळेचं दप्तर घेतलं. निळं, रेक्झिनचं. मी विचारलं, "आप्पा, कातड्याचं का नको?" ते हसले. "कातड्याचं आपल्याला परवडत न्हाई बाळ."

लिहितालिहिता राग उतरला बघा. आता नुसतंच कसंतरी होतंय.

मघाशी आप्पांना फोनवर प्राडाच्या चपलेचा फोटो दाखवला. चष्मा लावून, बोटानं मोठा करकरून बघितला. किंमत सांगितली, त्यावर काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळानं विचारलं,

"चालताना वाजतंय का हे?"