‘खेड्यातल्या दवाखान्यात कागदच बरा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज परत फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कोर्टात सहीचा कागदच चालतो, जुने केसपेपर स्कॅन करण्यात वर्ष जातं, आभा नंबर (पेशंटचा सरकारी डिजिटल आरोग्य क्रमांक) काढला की पेशंटची माहिती सरकारकडे जाते, आणि लाइट गेली की दवाखाना ठप्प. म्हणून खेड्यातल्या डॉक्टरने कॉम्प्युटरच्या नादी लागू नये. नंदुरबार जिल्ह्यात, शहादा-तळोद्याकडे प्रॅक्टिस करताना मला यातलं बरंचसं चुकीचं दिसतं, आणि त्याचा त्रास पेशंटला होतो, म्हणून लिहितोय.

लाइटचं आधी उरकतो. लॅपटॉपला बॅटरी असते, इंटरनेटशिवाय चालणारी सॉफ्टवेअर मिळतात. अगदीच अडलं तर चिठ्ठीवर लिहायचं आणि संध्याकाळी नोंद करायची.

कोर्टाचा मुद्दा मात्र नीट बघायला हवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम हा पुराव्याचा नवा कायदा लागू आहे. नोंद इलेक्ट्रॉनिक आहे एवढ्याच कारणाने ती नाकारता येत नाही, असं त्याचं कलम ६१ सांगतं. कलम ६३ प्रमाणे नोंद कोणत्या कॉम्प्युटरवरून, कशी काढली याचं प्रमाणपत्र सोबत द्यावं लागतं. जुन्या कायद्यातही ते होतंच. जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर खटल्यात २०२० साली सुप्रीम कोर्टाने ते पुन्हा पक्कं केलं. मेडिकल कौन्सिलचे २००२ चे नियम तर रेकॉर्ड कॉम्प्युटरवर घेण्याचा प्रयत्न करा असंच सांगतात, आणि पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत ते द्या म्हणतात. कपाटातल्या गठ्ठ्यांतून ७२ तासांत कागद शोधून बघा! कागद लागतोच अशा जागाही आहेत. गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा फॉर्म एफ (गर्भलिंगनिदान बंदी कायद्याखालचा) कॉम्प्युटरवर ठेवला तरी सहीची छापील प्रत जपावी लागते. सह्यांची संमतीपत्रंही टाकू नयेत. पण तेवढ्यावरून सगळा दवाखाना कागदावर ठेवा, हे कुठून आलं? सॉफ्टवेअर घेताना एक मात्र विचारा: कोणी, कधी, काय बदललं याची नोंद राहते का? राहत नसेल तर घेऊ नका.

आता स्कॅनिंग. सगळं स्कॅन करा असं सांगितलंय कोणी? जो पेशंट येईल त्याचीच फाइल उघडायची. ॲलर्जी, जुने आजार, चालू गोळ्या, झालेली ऑपरेशनं एवढं टाइप करायचं; डिस्चार्ज कार्ड आणि महत्त्वाचे रिपोर्ट स्कॅन करायचे. बाकीचे गठ्ठे मुदत संपेपर्यंत कपाटात राहू द्यावेत. भरती पेशंटचे किमान ३ वर्षं, आणि पोलिस केसचे निकाल लागेपर्यंत. घाई करायचीच तर ईसीजीची करा. ती पट्टी थर्मल कागदाची असते, उष्णतेने फिकी पडते. आपल्याकडचा मे महिना आणि पत्र्याखालची खोली, म्हणजे काही वर्षांत कागद कोरा. जुना ईसीजी हाताशी नसेल तर छातीत दुखणाऱ्या माणसाच्या पट्टीतला बदल आजचा की आधीचा, हे कशावरून ठरवणार?

नोंद करताना नावावर विसंबू नका. एकाच गावात एकाच नावाचे वळवी, पाडवी, पावरा कितीतरी निघतात, आणि मोबाइल नंबर अख्ख्या घराचा एकच. नाव, गाव, वय आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, सगळं जुळलं तरच फाइल उघडायची.

आभाची भीती खरी वाटते, म्हणूनच ती पसरते. आभा ऐच्छिक आहे. रेकॉर्ड दवाखान्याकडेच राहतं आणि पेशंटच्या संमतीने दुसरीकडे दिसतं. शिवाय आभा न काढताही दवाखाना डिजिटल करता येतो. माहिती फुटते ती बहुधा आपल्याच हातून: रिपोर्टचे फोटो ग्रुपवर टाकून, सगळ्या स्टाफला एकच पासवर्ड देऊन. ते आजच बंद करता येईल.

दिवाळीनंतर नंदुरबारची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. त्यात सिकलसेलची (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार असलेली) मुलं असतात. तिकडे मुलाच्या हातापायांत वेदना उठल्या की बाप दवाखान्यात उभा राहून सांगतो, ‘कागद घरच राही ग्यात.’ आजार कोणता, हायड्रॉक्सियुरियाचा डोस किती, रक्त कधी चढवलं, यातलं काहीच तिथल्या डॉक्टरला ठाऊक नसतं. फाइल डिजिटल असेल तर बापाच्या एका फोनवर ती त्याच्याच मोबाइलवर पाठवता येते, आणि मुलाचे उपचार तिथेच, वेळेत सुरू होतात.