मोजपट्टी खटकते ती का

सायटेशन, म्हणजे एखाद्या निबंधाचे इतरांच्या निबंधांत झालेले उल्लेख, नुसते मोजून संशोधनाचा प्रभाव कळत नाही, असं टिपण मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा रात्री. तेव्हाच उत्तर लिहायला बसलो असतो तर ते इथे छापण्यासारखं झालं नसतं.

आधी चूक कबूल करतो. एच-इंडेक्स (संशोधकाच्या किती निबंधांना किमान तितकीच सायटेशन मिळाली, तो आकडा) भौतिकशास्त्रज्ञ हर्श यांनी 2005 साली मांडला, मी 2004 लिहिलं होतं. 2004 हे गूगल स्कॉलर या निबंध शोधायच्या सेवेचं साल, माझी गल्लत झाली. दुरुस्त केलंय. आभार.

आता तुमचं ते वाक्य: "ज्यांच्या निबंधांना कोणी विचारत नाही, त्यांनाच सायटेशनची मोजपट्टी खटकते." असं लिहायला फारसा अभ्यास लागत नाही. मुद्दा खोडता आला नाही की माणसाची लायकी काढायची, ही जुनीच तऱ्हा. शहरी वाहतूक आणि जमीनवापर यांवरचं संशोधन किती मुरलं हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही, एवढंच मी म्हटलं होतं. त्यात माझे निबंध आले कुठून? पण विषय काढलाच आहे तर सांगतो. माझ्या ज्या निबंधाला सर्वाधिक सायटेशन आहेत तो माझा सर्वात सुमार निबंध. शीर्षकात 'आढावा' आहे, म्हणून प्रस्तावनेत टाकायला सगळ्यांना सोयीचा पडतो. ज्याच्यासाठी तीन वर्षं दारोदार फिरून प्रवासाच्या नोंदी घेतल्या, त्याला कुत्रं विचारत नाही. तेव्हा तुमचं अर्धं वाक्य खरंच आहे, घ्या!

पण खटकतं ते त्यामुळे नाही. अकरा वर्षं मी नियतकालिकांचा परीक्षक म्हणून छापण्याआधीची हस्तलिखितं वाचतोय. मागे एक आलं. पहिल्याच परिच्छेदात 'वस्तीची घनता वाढली की मोटारीचा वापर घटतो', आणि पुढे कंसात यूइंग-सर्व्हेरो, 2010. आता त्या दोघांनी आधीच्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा, की बाकीच्या गोष्टी जमेस धरल्या तर घनतेचा प्रवासाशी संबंध क्षीणच उरतो. गाडी किती धावते याचा सर्वात घट्ट संबंध जायच्या जागा किती सहज गाठता येतात याच्याशी. मी शेऱ्यात तसं सविस्तर लिहिलं. सुधारित प्रत आली. वाक्य जसंच्या तसं, फक्त कंसात आणखी एक नाव वाढलेलं! म्हणजे न वाचता दोघांच्या खात्यात एकेक सायटेशन जमा. याला तुम्ही प्रभाव म्हणता, आणि मी हरकत घेतली की मी जळतो.

न्यूमन-केनवर्थी या संशोधकांचं घ्या. 1989 मध्ये त्यांनी 32 शहरांची घनता आणि पेट्रोलचा खप शेजारी मांडला. त्याच वर्षी गॉर्डन-रिचर्डसन त्यांच्यावर तुटून पडले. टीकेतला उल्लेखही सायटेशनच. मोजणाऱ्या यंत्राला कौतुक काय आणि टीका काय, दोन्ही एकच. आणि जमीनवापर-वाहतुकीच्या कितीतरी प्रारूपांचं (मॉडेलांचं) मूळ असलेलं लॉरी या संशोधकाचं काम 1964 साली अमेरिकेतल्या रँड या संशोधनसंस्थेचा अहवाल म्हणून आलं. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे निबंधामागे सरासरी किती सायटेशन तो आकडा, नियतकालिकाचा असतो. लावून दाखवा अहवालाला.

राहिले तुमचे इतर मुद्दे. क्षेत्र आणि वर्ष पाहून आकडे समपातळीवर आणले की प्रश्न सुटतो, म्हणता. कोणतं क्षेत्र? हा विषय नगररचनेत आहे, भूगोलात आहे, अर्थशास्त्रात आहे, हल्ली सार्वजनिक आरोग्यातही आहे. तिथेच घोडं अडतं, पण त्यावर पुन्हा कधीतरी. माझा नमुना लहान होता हेही ठीक. मी टिपण लिहिलं होतं, प्रबंध नव्हे. संशोधनाचं मोजमाप कसं करावं यावरचा 2015 चा लायडन जाहीरनामा आपण वाचला असेलच. त्याचं पहिलंच तत्त्व सांगतं की आकड्यांनी जाणकाराच्या पारखीला आधार द्यावा. नसेल वाचला तर तेवढं एक पान वाचून मग या.

तुमची प्रतिक्रिया काढून टाका असं दोघातिघांनी सुचवलं. काढणार नाही. फक्त पुढच्या खेपेला माझी लायकी मोजायची असेल तर 'एक अभ्यासक' या नावाआड बसू नका. तुमचा एच-इंडेक्स किती, तेही कळू दे.