अहिराणीला लिपी आहे, आता मजकूर आपण द्यायचा

फोनवर मराठी टाइप होतं, व्हॉट्सॲपवर देवनागरी उमटते, म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या भाषेचा प्रश्न मिटला, असं हल्लीच एका साहित्य मेळाव्यात दोघातिघांनी ठासून सांगितलं. मला ते अजिबात पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. मिटलाय तो लिपीचा प्रश्न, आणि तोही बराचसा. भाषेचा प्रश्न तसाच आहे. आपल्या खान्देशात तर तो जास्तच जाणवतो. अहिराणी, लेवा गणबोली, तावडी, गुजरी, भिली, पावरी, मावची, सगळं आपण देवनागरीतच लिहितो आणि संगणक मात्र ते सगळं मराठी नाहीतर हिंदी धरून चालतो.

जे झालंय त्याचं मोल मोठं आहे, ते आधी सांगतो. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला संगणकासाठी एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिची पहिली आवृत्ती १९९१ची. तिच्यात देवनागरी होती, म्हणून आज धुळ्यात टाइप केलेला 'क' न्यूयॉर्कच्या फोनवरही 'क'च दिसतो. मराठीला लागणारा 'ॲ' २००८ साली आला, मोडीला २०१४ साली जागा मिळाली. यामागे कितीतरी लोकांनी चिकाटीने प्रस्ताव लिहिले, अक्षरांचे नमुने जोडले, वाद घातले. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण माझा धंदा डीटीपीचा, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पानं लावण्याचा. मजकुराचं आत काय होतं ते रोज डोळ्यांसमोर असतं. मागे एक निवृत्त गुरुजी पेन ड्राइव्ह घेऊन आले. त्यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या, आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीच्या गाण्यांचं पुस्तक होतं त्यात. ज्या प्रेसमध्ये छापलं ती कधीच बंद पडली. फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हं, सगळा खच. गुरुजी म्हणाले, "भाऊ, हाई मन्हं पुस्तक शे, पन वाचाले येत नही."

युनिकोडच्या आधीचे बहुतेक फॉन्ट असेच होते. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले. तो फॉन्ट मशीनवर आहे तोवर पान देखणं दिसतं, पण संगणकाच्या लेखी तिथे मराठीही नसते आणि अहिराणीही नसते. असा मजकूर नेटवर टाकला तर शोधून सापडत नाही. अंध वाचकाचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यावर नुसती एबीसीडी बडबडतं. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार भलतीकडे जातो, पहिली वेलांटी सुटते, जोडाक्षरं तुटतात. तीही नीट लावता येतात. खरा घात पुढे होतो. टाइप करणारी मुलगी शुद्धलेखन तपासणी चालू ठेवते, 'शाया'खाली, 'डोया'खाली लाल रेघ येते आणि ती बिचारी चांगल्या मनाने 'शाळा', 'डोळा' करून टाकते. अहिराणी पुस्तकाचं मराठी पुस्तक होऊन बसतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता जरा बारीक गोष्ट सांगतो, कारण मला वाटतं गाडी खरी इथेच अडते. 'काय करी ऱ्हायना', म्हणजे 'काय करतोय', हे आपण दिवसातून शंभरदा म्हणतो. त्यातला चंद्रकोरीसारखा अर्धा 'र' संगणकात दोन तऱ्हांनी येऊ शकतो. एकीत टिंबवाला 'ऱ' आणि हलंत, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह. दुसरीत साधा 'र', हलंत आणि त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, आत मात्र वेगळे. एका पद्धतीने लिहिलेलं गाणं दुसऱ्या पद्धतीने शोधलं की सापडेलच असं नाही. एखाद्या वेबसाइटने ते न दिसणारं चिन्ह साफसफाईत काढून टाकलं, की 'र' रफार होऊन 'हा'च्या डोक्यावर चढतो. प्रमाण मराठीत असे शब्द अधूनमधून येतात. आपल्या भाषेत हे क्रियापद दर दुसऱ्या वाक्यात आहे! म्हणून माझं सांगणं, टिंबवाला 'ऱ' वापरा, सगळ्यांनी एकच वापरा.

दुसरी अडचण याद्यांची. युनिकोडमध्ये 'ळ'चा क्रमांक 'ल'च्या लगेच पुढे आहे, आपल्या वर्णमालेत मात्र 'ळ' 'ह'नंतर येतो. नुसत्या क्रमांकावर गावांची यादी लावली तर शिरपूर तालुक्यातलं पळासनेर जामनेर तालुक्यातल्या पहूरच्या आधी येतं. मराठीच्या रीतीने पहूर आधी हवं. यावर उपाय तयार आहे. भाषावार नियमांचा साठा युनिकोडवालेच सांभाळतात, त्यात मराठीचा क्रम नोंदलेला आहे. पण हा मजकूर मराठी आहे असं संगणकाला कोणीतरी सांगावं लागतं. 'ल' आणि 'श'चंही तेच. चांगल्या फॉन्टमध्ये मराठी आणि हिंदी दोन्ही वळणं असतात, आणि पानाला मराठीचं लेबल असेल तरच आपलं वळण उमटतं.

अहिराणीला असं लेबल आहे का? आहे! भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत तिची खूण 'एएचआर', भिलीची 'बीएचबी'. वेबसाइट बनवणाऱ्याला पानाच्या कोडमध्ये एवढंच लिहायचं असतं. तरी मी जी अहिराणी पानं उघडून पाहिली त्यांतल्या बहुतेकांवर हिंदीचं लेबल होतं, नाहीतर काहीच नव्हतं. मग यंत्राला ही वेगळी भाषा आहे हे कळणार कसं? २०११च्या जनगणनेत खान्देशी या नावाखाली साधारण १८ लाख ६० हजार लोकांची नोंद आहे, आणि घरी अहिराणी बोलून मातृभाषा मराठी सांगणारे कितीतरी मी स्वतः ओळखतो. एवढी माणसं असून नेटवर आपण अदृश्य.

"आठव्या अनुसूचीत आलो की सगळं होईल," असं नेहमी ऐकतो. म्हणजे राज्यघटनेतल्या मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत. अनुसूचीची मागणी रास्तच आहे, मीही तिच्या बाजूने आहे. पण त्यासाठी थांबायचं कशाला? २०२४मध्ये गुगल ट्रान्सलेटमध्ये ११० नव्या भाषा आल्या, त्यात तुळू, मारवाडी, अवधी, खासी होत्या. यातली एकही आठव्या अनुसूचीत नाही. तुळूच्या लोकांनी तर कित्येक वर्षं चाचणी विकिपीडियावर एकेक लेख लिहीत नेला आणि २०१६मध्ये स्वतःचा विकिपीडिया मिळवला. तेही कन्नड लिपीत, म्हणजे आपल्यासारखंच शेजारच्या मोठ्या भाषेच्या लिपीत.

"आधी प्रमाण लेखन ठरू द्या," हा दुसरा आक्षेप. कोणी ऱ्हायना लिहितं, कोणी राह्यना, कोणी राहिना. लिहू द्या ना! असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरच्यांनी जशा ऐकल्या तशा उतरवून घेतल्या म्हणून आज आपल्याकडे आहेत. नियमांची वाट पाहिली असती तर आपल्या हाती काय आलं असतं? मजकूर भरपूर असला की लेखनाची रीत त्यातूनच बसत जाते.

आणि मजकूर नाही असंही नाही. यूट्यूबवर अहिराणी गाणी लाखो लोक बघतात, लग्नात वाजतात, सुरतेला आणि पुण्याला गेलेली आपली पोरं रात्री ऐकतात. पण नावं बहुतेक रोमन लिपीत, आणि गाण्याचे शब्द कुठेच लिहिलेले नसतात. गायक मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे: व्हिडिओखाली संपूर्ण गाणं देवनागरीत टाका, भाषा अहिराणी असं लिहा, जुनं गाणं असेल तर ते कोणत्या गावात ऐकलं तेही लिहा. दहा मिनिटांचं काम आहे.

ज्यांच्या कपाटात, पेन ड्राइव्हवर, जुन्या सीडीवर अहिराणी किंवा लेवा गणबोलीतल्या पुस्तकांच्या फाइली पडून आहेत त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा. सोबत छापील प्रत असली तर फारच बरं, फॉन्टचं नाव माहीत असलं तर आणखी बरं. प्रेसचं काम आटोपल्यावर संध्याकाळी मी त्या युनिकोडमध्ये करून देईन, पैसे नकोत. गुरुजींचं पुस्तक आता निम्म्याहून जास्त झालंय. भिली, पावरी आणि मावचीच्या फाइलीही घेईन, पण त्यांचं प्रूफ मला वाचता येत नाही. त्याला ती भाषा घरात बोलणारंच माणूस हवं. धडगाव, अक्कलकुवा, नवापूरकडच्या मित्रांनो, तुमच्यापैकी कोण बसेल सांगा, म्हणजे त्या फाइलीही हातात घेतो.