सातशे मीटरचं समचलन

कालची गोष्ट आहे. रक्कम चार रुपये. तरीही रात्री झोप लागली नाही.

परवा लेकीला आठवीच्या गणितातलं ‘चलन’ शिकवायला बसलो. वह्या दुप्पट तर किंमत दुप्पट, म्हणजे समचलन. किमतीला वह्यांच्या संख्येनं भागलं की दरवेळी तेच उत्तर येतं, तो चलनाचा स्थिरांक, के. इथंच थांबायला हवं होतं. पण बापाला शिकवायची खुमखुमी. म्हटलं, “रिक्षाचंच घे ना. जेवढं अंतर तेवढं भाडं.”

सकाळी पाऊस. क्लास सातशे मीटरवर, म्हणून रिक्षा केली. उतरताना मीटरवर २६.

“बाबा, दीड किलोमीटरला २६, मग सातशे मीटरला १२ रुपये १३ पैसे ना?” लेकीचा आवाज खणखणीत. क्लासच्या फाटकाशी उभ्या असलेल्या तीन आया वळल्या.

“बेटा, पहिल्या दीड किलोमीटरला २६च,” रिक्षावाले म्हणाले. “पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे.”

“पाचशे मीटरला?”

“२६.”

“शंभर?”

“२६.”

“आणि बसून लगेच उतरलं तर?”

रिक्षावाल्यांनी वायपर बंद करून विचार केला. “मीटर टाकला असेल तर २६.”

“म्हणजे शून्य अंतराला २६! बाबा, आलेख आरंभबिंदूतून जातच नाही! हे समचलन नाहीच!”

तिन्ही आया माझ्याकडे अशा बघत होत्या, की नापास मीच झालो असावा.

खरं सांगू, माझा राग रिक्षावाल्यांवर नाहीच. पुस्तकातल्या त्या आज्ञाधारक जगावर आहे. तिथं बारा मजूर भिंत बांधतात आणि एकही तंबाखू मळायला उठत नाही. भास्कराचार्य निदान व्यवहार ओळखून होते. ११५० सालच्या ‘लीलावती’त त्यांनी बैलाचा हिशोब दिलाय: दोन वर्षं जू ओढलेल्या बैलाला ४ निष्क (तेव्हाचं नाणं), तर सहा वर्षं ओढलेल्याला किती? व्यस्त त्रैराशिक, म्हणजे एक वाढलं की दुसरं त्याच प्रमाणात घटतं. उत्तर सव्वा निष्काच्या जरासं वर. जितकं राबाल तितका भाव उतरेल. आमच्या ऑफिसात बावीस वर्षं जू ओढतोय, त्यामुळे हे गणित मला न शिकवता समजलं. असो.

मी तीस रुपये दिले. सुट्टे चार नव्हते. माझ्याकडे २६ नव्हते. मागे हॉर्न सुरू. तेवढ्यात फुटपाथवरच्या भाजीवाल्या मावशी छत्रीखालून ओरडल्या, “दादा, तू जा! यांना मी चार रुपयांचा कढीपत्ता देते, तू मला उद्या दे!”

“मावशी, कोथिंबीर तरी?”

“जुडी दहाला. अर्धी मोडत नाही.”

जो कढीपत्ता आजवर भाजीबरोबर फुकट पिशवीत पडत आला, तो मी काल आयुष्यात पहिल्यांदा विकत घेतला. तोही रिक्षाच्या पैशातून. दोन काड्या. त्यातल्या एकीची निम्मी पानं पिवळी.

लेकीनं काड्या निरखल्या. तिचा चेहरा उजळला. परवाचं शिकवणं कुठंतरी पोचलं होतं तर.

“बाबा, सातशे मीटरला दोन काड्या, मग चौदाशे मीटरला किती?”

मी कौतुकानं ‘चार’ म्हणणार, एवढ्यात मावशी मान वर न करता म्हणाल्या,

“दोनच. दीड किलोमीटरच्या आत आहे.”