परदेशातून: ब्रेल का नको, ते लिहून द्या

‘मोबाइल सगळं वाचून दाखवतो, मग ब्रेल कशाला?’ पुण्याला फोन केला की मामेभावाचं हे पालुपद ठरलेलं. त्याची लेक सातवीत आहे, दृष्टी फारच अधू. ऐकून अभ्यास करते, परीक्षेला लेखनिक घेते, मार्क उत्तम. शाळाही खूश.

परवा तिने मला स्वतः टाइप करून मेसेज पाठवला : ‘आत्या, परिक्षा संपलि, मार्क मीळाले.’ ऱ्हस्व-दीर्घात डोळस मुलंही चुकतात, मीही चुकते. पण त्यांच्या डोळ्यांखालून बरोबर शब्द हजारदा जातो. हिने तो फक्त ऐकलाय, आणि पेपरात तिच्या वेलांट्या लेखनिक देतो. बीजगणिताचं समीकरण कानाने सोडवणं तर आणखी कठीण.

मी टेक्सासमध्ये राहते. अमेरिकेच्या विशेष शिक्षणाच्या केंद्रीय कायद्यात १९९७ साली एक तरतूद आली : अंध किंवा अंधुक दृष्टीच्या मुलाला ब्रेल शिकवायचंच. नको असेल, तर त्याचं वाचन-लेखन तपासून, पुढे गरज पडेल का याचाही विचार करून, पालक-शिक्षकांच्या समितीने तसं ठरवायचं. म्हणजे ब्रेल मागावं लागत नाही; नाकारणाऱ्याला कारण द्यावं लागतं. टेक्सासने तर १९९१ मध्येच पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशकांना संगणकीय फाइल देणं भाग पाडलं, म्हणजे ब्रेल प्रत काढणं सोपं जावं.

इथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. ब्रेलच्या शिक्षिका शाळाशाळांतून फिरत असतात, एकेका मुलाच्या वाट्याला थोडाच वेळ येतो. थोडंफार दिसणाऱ्यांना मोठ्या अक्षरांवरच रेटायची सवय जात नाही. ओळखीतला एक मुलगा पानाला नाक टेकवून वाचायचा, चार ओळींत डोकं धरायचा. शाळा म्हणे, चाललंय की! त्याच्या आईने कायद्यावर बोट ठेवून रीतसर तपासणी मागितली. आता तो ब्रेलरवर, म्हणजे सहा कळांच्या ब्रेल-टंकयंत्रावर, खटाखट लिहितो.

आपला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा वाईट नाही. कलम १६ ‘सर्वांत योग्य’ माध्यमातून शिक्षण द्या म्हणतं. कलम १७ ब्रेल जाणणारे शिक्षक नेमायला आणि अठरा वर्षांपर्यंत पुस्तकं मोफत द्यायला सांगतं. पण या मुलीला योग्य काय, हे कशावरून ठरवायचं, यावर त्यात अवाक्षर नाही. मग ज्या शाळेत ब्रेलचा शिक्षक नाही, तिथे मोबाइलच ‘योग्य’ ठरतो. (पडद्यावरचा मजकूर बोटांखाली ब्रेल ठिपक्यांत उमटवणारं यंत्र, म्हणजे ब्रेल डिस्प्ले, मोबाइलला जोडता येतो; म्हणजे मोबाइल की ब्रेल हे भांडणच खोटं. फक्त त्याची किंमत विचारू नका.)

दिल्लीची वाट कशाला पाहायची? महाराष्ट्राने साधा शासन निर्णय काढावा : अधू दृष्टीच्या प्रत्येक मुलाचं वाचन तपासा, आणि ब्रेल शिकवणार नसाल तर कारण नोंदवून मुख्याध्यापकांनी खाली सही करावी. बऱ्याच ठिकाणी ‘शिक्षक उपलब्ध नाही’ एवढंच लिहिलं जाईल. जाऊ दे. निदान किती शिक्षक कमी आहेत, हे सरकारच्याच कागदावर येईल.