‘सोलर नको, हजार झाडं लावा’ या मेसेजबद्दल

आमची ताई एका विद्यापीठात शिकवते, तिथल्या हरित समितीवर आहे. हॉस्टेलच्या छतावर सोलर बसवायचा प्रस्ताव मीटिंगला आला आणि तिथे चक्क व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तो मेसेज वाचून दाखवला गेला: "पॅनल बनवायला लागते तेवढी वीज तो आयुष्यभरात देत नाही, उद्या त्याचा विषारी कचरा होणार. एक झाड वर्षाला १ टन कार्बन शोषतं. १००० झाडं लावा, कॅम्पस कार्बन न्यूट्रल. खरं प्रदूषण मुलांच्या गाड्यांचं." प्रस्ताव पुढे ढकलला. शिकल्यासवरलेल्या माणसांनी हे करावं याचा जास्त राग येतो.

झाडांचंच आधी घेते, कारण सगळा मेसेज त्यावर उभा आहे. कार्बन न्यूट्रल म्हणजे जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडला तेवढाच शोषला; मेसेजमधला ‘कार्बन’ही तोच धरू. झाड कार्बन शोषतं म्हणजे त्याचं लाकूड, मुळं, पानं बनवतं. १ टन कार्बन डायऑक्साइडमध्ये साधारण २७० किलो कार्बन असतो आणि वाळलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास, म्हणजे वर्षाला १ टन शोषायचं तर त्या झाडाने दरवर्षी ५०० किलोहून जास्त वजन वाढवायला हवं, तेही पाणी सोडून नुसतं कोरडं. फोटोपुरतं लावलेलं गुडघाभर रोप हे करणार आहे का? चांगलं वाढलेलं झाडसुद्धा वर्षाला २०-२५ किलोच कार्बन डायऑक्साइड शोषतं असं धरतात. १ टन हा आकडा झाडाच्या अख्ख्या आयुष्याचा म्हणून सांगतात, कुणीतरी तो उचलून एका वर्षाला चिकटवला. हजारच्या हजार जगली, मोठी झाली, तरी २०-२५ टन. आणि पुढच्या उन्हाळ्यात टँकर आला नाही की किती उरतात ते प्रत्येक कॅम्पसला माहितीये.

आता सोलर. केंद्रीय विद्युत प्राधिकरण आपल्या ग्रिडचा, म्हणजे देशभरच्या वीजजाळ्याचा हिशोब काढतं, त्यानुसार एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण बहुतेक वीज अजून कोळशाचीच. १ किलोवॉट सोलर आपल्याकडे वर्षाला १४०० युनिटच्या आसपास देतं, म्हणजे जवळपास १ टन वाचला, तो साधारण १०० चौरस फूट छतात आणि पहिल्या वर्षापासून. हजार मोठ्या झाडांचं काम २५ किलोवॉटमध्ये होतं! पॅनल बनवायला लागलेली ऊर्जा आपल्या उन्हात वर्ष-दीड वर्षात वसूल होते, पॅनल पंचवीसेक वर्षं चालतो.

कचऱ्याचा मुद्दा मात्र अगदीच खोटा नाही. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनल घेतलेत, पण रिसायकलिंगची सोय अजून तोकडीच आहे, हे मान्य करावं लागेल. त्यासाठी कोळसा जाळत बसायचं हे काही पटत नाही.

आणि मुलांच्या गाड्या? १ लिटर पेट्रोलमागे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. रोज १० किलोमीटर बाईक चालवणारा मुलगा अर्धा किलोही सोडत नाही. रिकाम्या सेमिनार हॉलमध्ये दीड टनाचा एकच एसी दिवसभर चालला तर ८-१० युनिट, म्हणजे ६-७ किलो. तो बंद करायला कुणाला सांगायचं?

झाडं जरूर लावा, सावलीसाठी लावा, पक्ष्यांसाठी लावा. पण तुमच्या समितीत हा मेसेज आला असेल तर बारा महिन्यांची वीजबिलं मागवा, युनिटची बेरीज ०.७ ने गुणा, जनरेटरच्या डिझेलचे लिटर २.७ ने गुणून त्यात मिळवा, आणि विचारा की एवढ्यासाठी किती झाडं लागतील आणि ती लावायला जागा कुठे आहे.